तीन ऑफर लेटर आणि एक झाड

गेल्या काही महिन्यांत मला आलेले निम्मे फोन एकाच प्रश्नाचे होते. "दादा, दोन ऑफर आहेत, कोणती घेऊ?" कधी मुलगा स्वतः विचारतो, कधी त्याची आई. मागोमाग व्हॉट्सॲपवर एक फोटो येतो. ऑफर लेटर नऊ पानांचं असतं आणि फोटो फक्त पॅकेज लिहिलेल्या पानाचा! उरलेल्या आठ पानांत काय आहे, हे पाठवणाऱ्यानंही बहुतेक वेळा पाहिलेलं नसतं.

मी सॉफ्टवेअरवाला, वकील नाही आणि करिअर सल्लागारही नाही. पण त्या आठ पानांसाठी एक साधन फार उपयोगी पडतं, ते आज सांगतो. डिसिजन ट्री, म्हणजे निर्णयाचं झाड. आमच्या क्षेत्रातल्या मुलांनी गोंधळू नये, मशीन लर्निंगमध्ये संगणकाला शिकवतात ते झाड वेगळं. हे कागद-पेन्सिलीचं आहे आणि त्याहून जुनं आहे. १९६४ मध्ये जॉन मॅगी यांनी 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये ते उद्योजकांना समजावून सांगितलं. त्यांचं उदाहरण होतं एका रासायनिक कंपनीचं: कारखाना मोठा काढायचा की छोटा? पुढे १९६८ मध्ये हॉवर्ड रायफा यांनी या विषयावर अख्खं पुस्तक लिहिलं.

रीत सोपी आहे. जिथे निर्णय आपला, तिथे चौकोन काढायचा. जिथे पुढचं नशिबाच्या, बाजाराच्या किंवा कंपनीच्या हातात, तिथे गोल. गोलातून निघणाऱ्या प्रत्येक फांदीवर शक्यता लिहायची आणि फांदीच्या टोकाला काय हाती लागेल ते. मग उजवीकडून डावीकडे येत टोकाची रक्कम गुणिले शक्यता, अशी बेरीज करत जायचं. सातवीच्या पोराला जमेल एवढंच गणित.

माझ्या आतेबहिणीचं उदाहरण घेतो. तिची परवानगी आहे, आकडे थोडे गोल केले आहेत. वय २७, तीन वर्षांचा अनुभव, आणि एकाच आठवड्यात तीन पत्रं हातात.

पहिलं इंदूरचंच. वर्षाला ९ लाख, दुसऱ्या वर्षी १० लाख हे पत्रातच लिहिलेलं. दोन वर्षांचा बाँड, आधी सोडलं तर २ लाख भरा. दुसरं पुण्याचं. १३ लाख, पण त्यातले दीड लाख 'व्हेरिएबल', म्हणजे कंपनी देईल तेवढे. जॉइनिंग बोनस १ लाख, वर्षाच्या आत सोडलं तर परत. तिसरं बंगळूरच्या एका छोट्या कंपनीचं: नोकरी नाही, करार. घरून काम, महिन्याला दीड लाखाचं बिल, मुदत १२ महिने, पुढे नूतनीकरण होऊ शकतं. दोन्ही बाजूंना ३० दिवसांची नोटीस. पीएफ नाही, पगारी रजा नाही, विमा नाही.

घरात तीन पक्ष पडले. काका निवृत्त शिक्षक. त्यांचं मत इंदूर. "पक्की नोकरी ती पक्की, आणि पोरगी डोळ्यांसमोर." तिचा धाकटा भाऊ १८ लाखांचा आकडा ऐकून करारावर फिदा. आत्या काहीच बोलत नव्हती, पण खजराना गणपतीच्या मागच्या भिंतीवर तिनं उलटं स्वस्तिक काढून ठेवलं होतं. कोणत्या पत्रासाठी, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. मुद्दा असा की घर तिच्या पगारावर चालतं. फ्लॅटचा हप्ता ३२ हजार, घरखर्चाला ती देते ते २५ हजार. महिन्याला ५७ हजार ठरलेले, आणि बँकेत शिल्लक १ लाख २० हजार.

तर आम्ही दोन वर्षांचं झाड काढलं.

काकांच्या 'पक्की' या शब्दाशी मी आधी थांबलो. झाडावर कोणत्याही फांदीला १०० टक्के लिहायचे नाहीत, आणि इंदूरकरांना तर हे वेगळं सांगायला नको. हुकुमचंद मिलमधली नोकरी या शहरात एके काळी पक्कीच समजली जायची. नव्वदीच्या सुरुवातीला मिल बंद पडली आणि कामगारांच्या थकबाकीचे सुमारे २२४ कोटी रुपये सुटायला २५ डिसेंबर २०२३ उजाडला. तीस वर्षांच्या वर! पैसे घ्यायला कित्येक घरांतून कामगार नव्हे, त्यांच्या विधवा आणि मुलं गेली. आयटीतलंही पाहा. फेब्रुवारी २०२३ मध्ये विप्रोनं साडेसहा लाखांची ऑफर दिलेल्या फ्रेशर्सना साडेतीन लाखांवर येता का, असं विचारलं. इन्फोसिसच्या २०२२ च्या बॅचमधली सुमारे २,००० मुलं जॉइनिंगची वाट पाहत दोन वर्षं बसली. पुण्याच्या 'नाइट्स' या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेनं ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय श्रम मंत्रालयाकडे तक्रार केली, तेव्हा त्याचा गाजावाजा झाला. म्हणजे ऑफर लेटर आणि पहिला पगार यांच्या मध्येसुद्धा एक गोल असतो. नव्यानं पास होणाऱ्यांनी तो जरूर काढावा.

काकांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "बरं, लिही दहा टक्के कपातीचे." दोन्ही पक्क्या नोकऱ्यांना आम्ही ते लावले: वर्षानं कपात, चार महिने घरी, मग ९ लाखांच्या हिशोबानं नवी नोकरी.

इंदूरच्या झाडावर तीन फांद्या आल्या. दोन वर्षं टिकली तर १९ लाख, शक्यता ७० टक्के. वर्षानं १४ लाखांचं दुसरं काम मिळालं आणि बाँडचे २ लाख भरून निघाली तर २१ लाख, २० टक्के. कपात झाली तर १५ लाख, १० टक्के. सरासरी बरोबर १९ लाख.

पुण्यात राहण्याचा वाढीव खर्च वर्षाला अडीच लाख धरला. व्हेरिएबल पूर्ण मिळालं तर दोन वर्षांत बोनस धरून २२ लाख, निम्मं मिळालं तर साडेवीस. दोन्हींना ४५-४५ टक्के. कपातीच्या फांदीला पावणेसतरा लाख. सरासरी २० लाख ८० हजार.

करारात १८ लाख दिसतात खरे, पण विमा, सीए, लॅपटॉप आणि कर स्वतःचा. पगारदाराला नव्या करपद्धतीत १२ लाख ७५ हजारांपर्यंत कर नाही; त्यावरच्या रकमेचा थोडा कर सोडून देऊन वरच्या दोन्ही झाडांत आम्ही तो धरलाच नव्हता. इथे मात्र धरावा लागला. सगळं मिळून वर्षाला ३ लाख वजा केले, उरले १५. दोन्ही वर्षं करार चालला तर ३० लाख, शक्यता ५० टक्के. वर्षानं संपला, चार महिने रिकामे, मग नोकरी, तर २१ लाख, ३० टक्के. तीन महिन्यांतच नोटीस आली, पाच महिने रिकामे, तर पावणेसोळा लाख, २० टक्के. सरासरी २४ लाख ४५ हजार.

धाकट्यानं टाळी वाजवली. काका लगेच म्हणाले, "ते ५० टक्के कुठून आणलेस?"

प्रश्न अगदी रास्त होता. ते अंदाजानंच आणले होते. इथेच पुष्कळ लोक हे साधन टाकून देतात: आकडेच अंदाजी, तर उत्तराचा काय भरवसा? माझं म्हणणं उलटं आहे. अंदाज डोक्यात असतोच, कागदावर आला की त्याच्याशी भांडता येतं. आणि भांडायचं तर नेमकं भांडावं. आम्ही गणित उलटं फिरवलं. करार पूर्ण चालण्याची शक्यता किती खाली आली तर पुणं वरचढ ठरेल? बाकी दोन फांद्यांचं प्रमाण तेच ठेवून उत्तर आलं १७ टक्के. म्हणजे ५० की ४० की ३०, या वादानं सरासरीतला पहिला नंबर बदलतच नव्हता. काकांनासुद्धा १७ टक्के फार कमी वाटले. अर्ध्या तासाचं भांडण वाचलं.

पण सरासरी म्हणजे निर्णय नव्हे. विमा कंपनी हजारो पॉलिसी विकते, तिला सरासरी भेटते. माझी बहीण हा खेळ एकदाच खेळणार, तिला सरासरी कधीच भेटणार नाही. तिच्या वाट्याला एकच टोक येणार: ३०, २१ किंवा पावणेसोळा. डॅनियल बर्नुली यांनी १७३८ मध्येच मांडलं होतं की त्याच रकमेचं मोल ज्याच्या-त्याच्या खिशावर ठरतं. पाच महिने पगार नसणं श्रीमंताला सुट्टी वाटेल; ज्या घरात ५ तारखेला हप्ता कापला जातो, तिथे त्याचं मोल वेगळं.

म्हणून सर्वांत वाईट फांदी महिन्यामहिन्यानं तपासली. तीन महिन्यांचे हाती उरलेले पावणेचार लाख, त्यातून घराचे ५७ हजार दरमहा गेले, त्यात जुनी शिल्लक मिळवली. साधारण सव्वातीन लाख उरतात. पुढचे पाच रिकामे महिने २ लाख ८५ हजारांचे. निभतं! ओढाताण करून, पण निभतं. सगळे ज्या फांदीला घाबरत होते ती सोसण्यासारखी निघाली.

न सोसण्यासारखं होतं ते करारातल्या सहाव्या पानावर. "बिल सादर केल्यापासून ४५ दिवसांत रक्कम अदा केली जाईल." महिना काम करा, महिनाअखेर बिल द्या, मग ४५ दिवस. पहिला रुपया ७५व्या दिवशी. अडीच महिन्यांचे घराचे १ लाख ४२ हजार, शिल्लक १ लाख २० हजार. करार अगदी सुरळीत चालला असता तरी तिसरा हप्ता चुकला असता. दोन वर्षांच्या सरासरीत हे कुठेच दिसत नाही. आम्हाला दिसलं, कारण टोकाशी फक्त रक्कम न लिहिता ती केव्हा येते तेही लिहिलं होतं. तुम्ही झाड काढाल तेव्हा हे विसरू नका. करारावर काम करणाऱ्यांचं बहुतेक दुखणं तारखांचं असतं.

दुसऱ्या दिवशी तिनं बंगळूरला दोन ओळींचा मेल टाकला: १५ दिवसांत पैसे द्याल का, आणि नोटीस ६० दिवसांची कराल का? उत्तर आलं: नोटीस नाही बदलत, पैसे ३० दिवसांत देऊ. साठ दिवस, म्हणजे १ लाख १४ हजार. शिल्लक १ लाख २०. सहा हजार रुपयांनी करार शक्यतेच्या कक्षेत आला. एरवी आपली मुलं मागायला लाजतात, किंवा उगाच "पॅकेज वाढवा" म्हणतात. नेमकं काय मागायचं ते झाडावरून कळलं, आणि समोरच्याला तर त्यात फारसं काही द्यावंही लागलं नाही.

आता थोडं कायद्याबद्दल, कारण प्रत्येक अट ही झाडाची एक फांदी असते आणि ती खरी की कागदी हे ठाऊक हवं. "बाँड म्हणजे नुसती धमकी, कोणी वसूल करत नाही," असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास २ लाख भरण्याची अट वैध ठरवली. सरकारी बँकेला पुन्हा भरती करायला वेळ आणि पैसा लागतो, हे न्यायालयानं लक्षात घेतलं. प्रत्येक खाजगी कंपनीला तोच न्याय जसाच्या तसा लागेल असं नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा, मिळते ती वाजवी भरपाई. तरी बाँडच्या फांदीवर शून्य लिहू नका. आम्ही पूर्ण २ लाख लिहिले.

याउलट, बंगळूरच्या करारात एक घाबरवणारी अट होती: करार संपल्यावर एक वर्ष तशाच कामाच्या दुसऱ्या कंपनीकडे जायचं नाही. त्याच कायद्याचं कलम २७ अशा बंधनाला थारा देत नाही. यातला गाजलेला खटला आपल्या श्रीरामपूरच्या जहीर खानचा आहे. पर्सेप्ट डीमार्क या कंपनीशी त्याचा तीन वर्षांचा करार होता. मुदत संपल्यावर दुसऱ्या कुणाची ऑफर आली तर आधी आम्हाला दाखव, तेवढेच पैसे द्यायची संधी आम्हाला दे, अशी त्यात अट होती. करार संपला, जहीर दुसऱ्या कंपनीकडे गेला, पर्सेप्ट कोर्टात गेली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जहीरच्या बाजूनं कौल दिला: करार संपल्यानंतर असं बांधून ठेवता येत नाही. करार चालू असताना मात्र बंधन पाळावं लागतं, आणि कंपनीची गुपितं नंतरही बाहेर काढता येत नाहीत. ती अट आम्ही झाडावर काढली आणि पुढे काही लिहिलं नाही. मोठी रक्कम गुंतलेली असेल तर वकिलाला कागद जरूर दाखवा, तासाभराची फी जड नाही.

आणखी एक. 'कॉन्ट्रॅक्ट' या एकाच शब्दाखाली वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात. ठराविक मुदतीची नोकरी असेल तर तुम्ही कर्मचारीच असता; २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार अशा कर्मचाऱ्याला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, पाच वर्षं थांबायला नको. पण बिल देणारे सल्लागार म्हणून सही केलीत तर पीएफ, ग्रॅच्युइटी, काही नाही. सही करण्याआधी एकच विचारा: दर महिन्याला मला सॅलरी स्लिप मिळणार की मी बिल पाठवायचं?

आता उरला तिचा निर्णय. या विषयातले लोक एक किस्सा सांगतात. निर्णयशास्त्राच्या एका प्राध्यापकाला दुसऱ्या विद्यापीठाची ऑफर आली. तो चिंतेत पडला. मित्र म्हणाला, तुझंच शास्त्र वापर की! प्राध्यापक म्हणाला, थट्टा नको, हा गंभीर प्रश्न आहे. किस्सा रचलेलाही असेल, पण माणसाच्या स्वभावाला धरून आहे.

बहिणीनं कागद दोन दिवस स्वतःजवळ ठेवला. मग मला गच्चीवर नेऊन म्हणाली, "दादा, खरं सांगू? मला पुण्याला जायचंय. इथे तीन वर्षं मी एकटीच कोड लिहितेय. माझी चूक दाखवणारं कोणी नाही. बंगळूरच्या कामात घरी खोलीत बसून आणखी दोन वर्षं तेच होणार. पुण्याच्या टीममध्ये बारा-पंधरा वर्षांचे अनुभवी लोक आहेत."

मी म्हटलं, "मग त्याची किंमत काय, ते कागदावर आहे." करार आणि पुणं यांच्या सरासरीतला फरक ३ लाख ६५ हजार. दोन वर्षं अनुभवी माणसांशेजारी बसायचे एवढे पैसे. महिन्याला पंधरा हजारांच्या आसपास. तिनं दोन-तीन वेळा आकडा मनात फिरवला आणि म्हणाली, "परवडतं."

मला हे आवडलं. मी तिच्या जागी असतो तर बहुधा करार घेतला असता, हेही खरं. पण पैशाची भीती बाजूला झाल्यावर तिनं हवं ते निवडलं, आणि त्याला लागणारा पैसा माहीत असून निवडलं. "इंदूरमध्ये राहा" म्हणणाऱ्या काकांनाही दाखवायला कागद होता. ते म्हणाले, "पुण्यात व्हेरिएबल पूर्ण मिळेलच असं नाही." ती म्हणाली, "निम्मं धरूनच लिहिलंय, बाबा." काकांना पटलं असं नाही म्हणणार. पण पुढच्याच रविवारी ते पुण्यातल्या जुन्या मित्राला फोन करून बाणेरमध्ये मुलींसाठी चांगली जागा कुठे मिळेल, हे विचारत होते.

पुण्याला होकार देण्याआधी तिनं एचआरला आणखी एक मेल टाकला: गेल्या वर्षी तिच्या पातळीवरच्या लोकांना व्हेरिएबल किती टक्के मिळालं? फोनवर त्यांनी "जवळपास पूर्ण" सांगितलं होतं. मेलवर उत्तर आलं, ७० टक्के. फोनवरचं आणि मेलवरचं उत्तर वेगळं येतं तेव्हा झाडावर मेलवरचं लिहायचं.

इंदूरला नकार गेला, बंगळूरलाही गेला. बंगळूरच्यांनी लगेच उलट लिहिलं: पूर्ण वेळ जमत नसेल तर वर्षभरानं पुन्हा बोलू या का, तेव्हा आम्ही पुण्यात छोटं ऑफिस काढतोय. ही फांदी आमच्या कागदावर नव्हतीच. तिनं ती पेन्सिलनं जोडून ठेवली आहे, शक्यता अजून लिहिलेली नाही.